३६ चा ब्लाउज म्हणजे ३६ ची ब्रा नव्हे

दुकानात काउंटरमागून "साइज काय?" असं विचारलं की बहुतेक जणी ब्लाउजचा नंबर सांगून मोकळ्या होतात. ब्लाउज ३६ चा, म्हणून ब्राही ३६ ची. घोटाळा इथेच सुरू होतो. शिंपी छातीचं माप घेतो ते सर्वांत भरलेल्या भागावरून. ब्राच्या लेबलवरचा आकडा मात्र स्तनांच्या खालच्या, बरगड्यांवरून जाणाऱ्या घेराशी बांधलेला असतो. या दोन घेरांत चार-पाच इंचांचा, कुणाच्या बाबतीत सात-आठ इंचांचाही फरक असतो, आणि तो फरक सांगायचं काम आकड्यामागच्या अक्षराचं आहे: ए, बी, सी, डी. ब्लाउजचा नंबर ब्राला लावला की बँड सैल येतो, कप अपुरा पडतो आणि दिवसभर खांद्यावरचा पट्टा वर ओढत बसावं लागतं.

शब्द आधी ठरवून घेऊ. मराठीत पट्टा म्हटलं की खांद्यावरचाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे पट्टा म्हणजे खांद्यावरचाच. स्तनांखालून काखेजवळून पाठीवरच्या हुकांपर्यंत जातो तो बँड. दोन कपांच्या मध्ये, छातीच्या हाडावर येणारा तुकडा म्हणजे मधला जोड. स्तनांचं वजन पेलायचं काम मुख्यतः बँडचं; पट्टे फक्त कपाची वरची कड अंगालगत धरून ठेवतात. म्हणून माप ठरवताना क्रम असा: आधी बँड, मग कप, शेवटी पट्टे. दुकानात बरोबर उलटं होतं, पट्टे आवळून सगळं बसवायचा प्रयत्न केला जातो.

टेप कशी धरायची

शिंप्याकडे असते तशी मऊ टेप, आरसा आणि कागद-पेन एवढं पुरे. जुनी कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते, म्हणून आधी ती शाळेच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीशी ताडून बघा. टेप नसेल तर न ताणणारी सुती नाडी अंगाभोवती घ्या, पेनाने खूण करा आणि नाडी पट्टीवर मोजा.

पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात स्तन थोडे सुजतात, जडही होतात. त्या दिवसांत घेतलेलं माप महिन्याच्या बाकीच्या दिवसांना मोठं होतं. पाळी संपल्यानंतरचा आठवडा सगळ्यांत चांगला. गाउनवरून, कुर्त्यावरून मोजू नका. ब्रा काढून मोजा, किंवा अगदीच अवघड वाटलं तर पातळ, पॅड नसलेली ब्रा घालून. पॅडची जाडी मापात शिरली की कपाचं अक्षर चुकलंच.

पहिलं माप खालच्या घेराचं. टेप स्तनांच्या बरोबर खाली, जिथे घडी पडते तिथून पाठीमागे फिरवा. ती जमिनीला समांतर असली पाहिजे. समोरून ती सरळ दिसते, पण पाठीवर खाली घसरलेली किंवा वर चढलेली असते, म्हणून आरशासमोर आडवं उभं राहून बघा. श्वास पूर्ण सोडा आणि टेप घट्ट ओढा, इतकी की कातडी किंचित दबेल, पण दुखणार नाही. इथे संकोच करू नका. बँड अंगावर ताणलेल्या अवस्थेतच काम करतो, त्यामुळे सैल टेपने घेतलेलं माप म्हणजे सैल बँडचीच हमी. आकडा अर्ध्या इंचापर्यंत लिहून ठेवा.

दुसरं माप सर्वांत भरलेल्या भागावरून, सरळ उभं राहून. इथे टेप फक्त टेकली पाहिजे, दाबायची नाही. तिसरं मापही तिथलंच, पण कमरेतून वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून. वाकल्यावर मऊ भाग पुढे येतो आणि उभं असताना खाली झुकून हरवलेलं आकारमान मापात येतं. बाळंतपणानंतर, वजन उतरल्यावर किंवा चाळिशीनंतर या दोन मापांत बराच फरक दिसतो. दोन्हींची सरासरी घ्या. फरक दोन इंचांहून जास्त असेल तर सरासरीपेक्षा वाकून घेतलेल्या मापाच्या जवळ राहा.

एकच शरीर, तीन लेबलं

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. खालचा घेर ३१ इंच. भरलेल्या भागावरचा घेर उभ्याने ३६.५, वाकून ३७.५, म्हणजे सरासरी ३७.

जुनी पद्धत सांगते: खालच्या घेरात ४ मिळवा, विषम आकडा आला तर ५. ३१ अधिक ५, बँड ३६. वरच्या घेरातून बँड वजा करा. ३७ वजा ३६ म्हणजे १. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. उत्तर ३६ए.

नवी पद्धत म्हणते: काही मिळवू नका. ३१ च्या जवळचा सम आकडा ३२. ३७ वजा ३२ म्हणजे ५. चारला डी आणि पाचला डीडी, म्हणून उत्तर ३२डीडी.

युरोपची पद्धत सेंटिमीटरची. खालचा घेर साधारण ७९ सेंटिमीटर, म्हणून बँड ८०. तो ७८ ते ८२ सेंटिमीटरच्या घेरासाठी असतो. वरचा घेर ९४. इथे दोन घेरांतला सरळ फरक बघतात: १२ ते १४ सेंटिमीटरला ए, १४ ते १६ ला बी, १६ ते १८ ला सी, १८ ते २० ला डी, आणि पुढे दर दोन सेंटिमीटरला एक अक्षर. फरक १५, म्हणून ८०बी. भारतीय लेबलवर हीच साइज बहुधा '३६बी / ८०बी' अशी छापलेली दिसते.

शरीर एक आणि उत्तरं तीन. यातलं कुठलंच खोटं नाही, तिघांनी मोजायला वेगवेगळी सुरुवात धरली आहे. चार-पाच इंच मिळवायची रीत न ताणणाऱ्या कापडाला शोभणारी आहे. ए ते डी ही अक्षरं अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीने १९३२ मध्ये वापरात आणली, तेव्हा आज आपण लायक्रा म्हणतो तो ताणणारा धागा जगात नव्हता. तो ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये तयार झाला. आजचा बँड अंगावर काही इंच सहज ताणला जातो. चार-पाच इंच आधीच वाढवून घेतले तर तो ताण घ्यायला जागाच उरत नाही आणि बँड नुसता लोंबतो.

पण आपल्याकडे आणखी एक खुबी आहे. साध्या सुती ब्रा अजून भरपूर विकल्या जातात. त्यांत बँडचा बहुतेक भाग न ताणणाऱ्या कापडाचा असतो आणि इलास्टिक फक्त पाठीवर हुकांजवळ दोन-तीन इंच. अशा ब्राला जुनं गणित बरंचसं लागू पडतं. होजिअरीच्या, लायक्रा मिसळलेल्या ब्राला नवं गणित जवळचं. म्हणून आपल्या बाजारात सगळ्यांत कामाचा उपाय म्हणजे मधून सुरुवात करणं. या उदाहरणात ३४सी हातात घ्या. कप अपुरा वाटला तर ३४डी, बँड सैल वाटला तर ३२डी किंवा ३२डीडी, आणि सुती, न ताणणारी ब्रा असेल तर ३६बी.

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा ब्राच मोजून बघणं उत्तम. हूक सोडा, ब्रा टेबलावर सरळ पसरा, एका टोकाच्या हुकापासून दुसऱ्या टोकाला हूक अडकवायच्या सर्वांत बाहेरच्या कडीपर्यंत टेप लावा. आधी न ताणता मोजा, मग कुणाला तरी एक टोक धरायला सांगून जोर लावून ताणा आणि पुन्हा मोजा. पूर्ण ताणल्यावर लांबी तुमच्या खालच्या घेराइतकी किंवा एखादा इंच जास्त भरली तर बँड काम करेल. तीन-चार इंच जास्त भरली तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ती सैल आहे. न ताणताच खालच्या घेराइतकी भरत असेल तर ती घ्यायचीच नाही. घरातल्या जुन्या ब्रांवर हा प्रयोग केला की कुठली का त्रास देते ते पाच मिनिटांत कळतं.

अक्षर एकटं काही सांगत नाही

"माझा सी कप" हे वाक्य अर्धवट आहे. ३२सी आणि ३८सी या दोन कपांत मावणारं आकारमान फार वेगळं असतं. बँड एका पायरीने वाढला की तेच अक्षर मोठ्या कपाला लागतं. म्हणून बँड एक पायरी उतरलात तर अक्षर एक पायरी चढवा, बँड चढलात तर अक्षर उतरवा. ३२डी, ३४सी, ३६बी आणि ३८ए या चौघींचा कप जवळपास सारखाच भरतो. यांना सिस्टर साइज म्हणतात.

याचा उपयोग दुकानात लगेच होतो. ३६बी चा कप छान बसला पण बँड पाठीवर वर चढतोय, तर ३४बी मागू नका, ३४सी मागा. ३४बी घेतली तर बँड बरोबर येईल, पण कपातून भाग बाहेर यायला लागेल, आणि मग "लहान साइज मला होतच नाही" असं म्हणून पुन्हा ३६ वर परत जाणं होतं. बऱ्याच जणी वर्षानुवर्षं याच चक्रात राहतात. पण एक मर्यादाही लक्षात ठेवा: सिस्टर साइज एका पायरीपर्यंत ठीक. दोन पायऱ्या गेलात की कपाखाली शिवलेल्या वायरची रुंदी आणि पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, आणि कप भरला तरी ब्रा बसत नाही.

परदेशातून बहीण, वहिनी किंवा मुलगी ब्रा घेऊन येणार असेल तर आकडे असे जुळतात. भारत, ब्रिटन आणि अमेरिकेतला ३२ म्हणजे जर्मनी-नेदरलँड्समध्ये ७०, फ्रान्स-स्पेनमध्ये ८५, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १०. ३४ म्हणजे ७५, ९० आणि १२. ३६ म्हणजे ८०, ९५ आणि १४. ३८ म्हणजे ८५, १०० आणि १६. फ्रेंच ८५ आणि जर्मन ८५ यांत तीन पायऱ्यांचं अंतर आहे, त्यामुळे लेबलवर ईयू (जर्मनीसारखा आकडा) लिहिलंय की एफआर (फ्रेंच) ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डी पर्यंत अक्षरं जवळपास सगळीकडे सारखी चालतात, पुढे वाटा फुटतात. ब्रिटनमध्ये डी नंतर डीडी, ई, एफ, एफएफ, जी. अमेरिकेत डीडी, मग डीडीडी (त्यालाच काही कंपन्या एफ म्हणतात), मग जी. युरोपात सरळ ई, एफ, जी. म्हणजे ब्रिटिश ई, अमेरिकन डीडीडी आणि युरोपीय एफ हा एकच कप. जपानी लेबलवर अक्षर आधी आणि आकडा नंतर असतो आणि कप लहान धरलेला असतो. तिथला सी हा युरोपातल्या बी च्या जवळ जातो.

अंगावर चढवल्यावर

खरी परीक्षा इथे आहे, आणि टेपपेक्षा तिलाच जास्त मान द्या. नवी ब्रा नेहमी सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. आतले दोन हूक पुढच्या महिन्यांसाठी आहेत. इलास्टिक सैलावत जाईल तसं आत सरकायचं. नवी असतानाच सर्वांत आतल्या हुकावर लावावी लागत असेल तर ती पहिल्या दिवसापासूनच मोठी आहे.

हूक पोटावर लावून ब्रा फिरवून घ्यायची सवय अनेकींना असते. त्याने कप आणि बँड पिळवटतात, वायर असेल तर तीही वाकते. शक्य असेल तर हात पट्ट्यांत घाला, पुढे वाका, स्तन कपात पडू द्या आणि वाकलेल्या अवस्थेतच मागे हूक लावा. खांदा दुखत असेल, हात मागे जात नसेल तर पुढे हूक असलेली ब्रा घ्या, ओढाताण करू नका.

मग ही एक कृती, जी बहुतेक जणींना कुणी सांगितलेलीच नसते. उजवा हात डाव्या कपात घाला, काखेच्या दिशेने अगदी कडेपर्यंत न्या आणि तिथला मऊ भाग समोर, कपाच्या आत ओढून घ्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. लहान कपाने वर्षानुवर्षं बाजूला ढकललेला हा भाग काखेजवळची चरबी वाटतो, पण त्यातला बराचसा स्तनाचाच असतो. तो आत घेतल्यावर क्षणापूर्वी बरोबर वाटणारा कप एकदम तोकडा पडलेला दिसतो. म्हणून कपाबद्दलचं मत नेहमी या कृतीनंतरच बनवा, आधी नाही.

आता आरशात आडवं बघा. बँड पाठीवर आणि समोर एकाच रेषेत हवा. पाठीवर तो वर चढून कमान झाली असेल तर तो सैल आहे, मग पट्टे कितीही आवळा. उलट पट्टे आवळल्याने बँड आणखी वर खेचला जातो, समोरचा भाग खाली झुकतो, आणि खांद्यांवर खाचा पडतात. खांद्यावरच्या खाचा दिसल्या की लोक रुंद पट्ट्याची ब्रा शोधतात. रुंद पट्टा दाब थोडा वाटून घेतो हे खरं, पण खांद्यावर वजन येण्याचं मूळ कारण सैल बँड आहे. खात्री करायला दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली सोडा. स्तन थोडे खाली आले तर चालेल; सगळंच कोसळलं तर बँड काम करत नाही.

बँडखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. मूठ शिरत असेल तर सैल. बोटंच शिरत नसतील, श्वास घेताना टोचत असेल तर घट्ट. पण थांबा, लगेच मोठा बँड घेऊ नका. कप लहान असला की स्तन बँडची लांबी पुढे खेचून घेतात आणि पाठीवर तो घट्ट वाटतो. गुन्हा कपाचा, शिक्षा बँडला. ओळखायची सोपी युक्ती: ब्रा उलटी घाला, म्हणजे कप पाठीवर आणि हूक समोर. आता कपात काहीच नाही, फक्त बँड अंगावर आहे. अशी घातल्यावर ती आरामात बसली तर बँड बरोबर आहे, मोठा कप घ्या. अशीही घट्ट वाटली तरच बँडची पायरी चढा, किंवा लेडीज शॉपीत मिळणारं हुकांचं जोडपट्टं, म्हणजे एक्स्टेंडर लावा.

कपाच्या वरच्या कडेवर मांस उठून दोन उंचवटे दिसले, काखेजवळ भाग बाहेर आला, मधला जोड हाडापासून अधांतरी राहिला, तर कप लहान. वायरची ब्रा असेल तर वायर स्तनाच्या घडीत बसली पाहिजे आणि तिचं बाहेरचं टोक काखेच्या मध्याकडे गेलं पाहिजे. बोटाने वायरच्या टोकाशी दाबून बघा. खाली मऊ लागलं तर वायर स्तनावर बसली आहे, कप मोठा हवा. बरगडी लागली तर बरोबर. "वायर मला सहनच होत नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना त्रास वायरचा नसतो, लहान कपाचा असतो.

सुरकुत्यांचं प्रकरण जरा फसवं आहे. कपात सुरकुत्या किंवा वर पोकळी म्हणजे कप मोठा, हे नेहमी खरं नसतं. पॅडच्या, साच्यात घडवलेल्या कपात स्तन तळापर्यंत पोचलेच नाहीत तरी वर पोकळी राहते, आणि लहान कपातही असं होतं. आधी वाकून, हाताने भाग आत घेऊन बघा. पोकळी गेली तर साइज ठीक. राहिली तर आकाराचा प्रश्न आहे. ज्यांचा स्तन खाली भरलेला आणि वर सपाट असतो, त्यांना उंच कड असलेले पूर्ण कप कधीच भरल्यासारखे दिसत नाहीत. त्याच साइजमध्ये कमी उंचीचा कप, किंवा शिवण असलेला, पॅड नसलेला मऊ कप घ्या. तो अंगाचा आकार घेतो. वरचा भाग भरलेला असेल तर उलट, कमी उंचीच्या कपात तो बाहेर डोकावतो.

एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं अगदी सामान्य आहे. कप मोठ्या बाजूला बसेल असा घ्या, लहान बाजूचा पट्टा थोडा आवळा किंवा काढता येणारं पॅड फक्त त्या बाजूला ठेवा. लहान बाजूला बसवायला गेलात तर मोठी बाजू दिवसभर दाबली जाते.

शेवटी हात वर करा, वरच्या फळीवरचा डबा काढतो तसे. खाली बसा, वाका, जोरात खोकून बघा. बँड जागेवर राहिला आणि कपाखालून काही निसटलं नाही तर ब्रा घ्यायला हरकत नाही. पट्टे सर्वांत शेवटी जुळवा: खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल इतके. बँड बरोबर असूनही पट्टे घसरत असतील तर ते तुमच्या उतरत्या खांद्यांसाठी एकमेकांपासून फार लांब लावलेले आहेत. मागे जवळ येणारे, इंग्रजी यू सारखी पाठ असलेले बघा.

वेगळ्या वेळा, वेगळी मापं

वयात येणाऱ्या मुलीला आईची जुनी ब्रा घट्ट करून देऊ नका. सुरुवातीला सुती स्लिप किंवा बिगिनर ब्रा, आणि दर तीन-चार महिन्यांनी टेप. या वयात साइज भराभर बदलते, म्हणून एकदम सहा घेऊ नका, दोन-तीनच घ्या.

गरोदरपणात बरगड्यांचा घेरही वाढतो, नुसते स्तन नाही. पहिल्या काही महिन्यांत एक्स्टेंडरवर भागतं. दूध पाजायची ब्रा शेवटच्या महिन्यात घ्या, आणि तेव्हा ती बाहेरच्या हुकावर बसेल आणि कपात थोडी जागा राहील अशी, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो आणि दूध उतरलं की कपात जागा लागते. या दिवसांत घट्ट ब्रा आणि स्तनावर दाबणारी वायर टाळा. एकाच जागी सतत दाब राहिला तर दूध साचून गाठ होऊ शकते, तापही येऊ शकतो. लाल, तापलेला, दुखरा भाग दिसला तर डॉक्टरांकडे जा.

व्यायामाची ब्रा फक्त एस, एम, एल मध्ये मिळत असेल तर तिच्या तक्त्यात खालचा घेर दिलाय का बघा. फक्त छातीचं माप दिलेलं असेल तर भरलेला स्तन आणि बारीक पाठ असणाऱ्यांना ती कधीच नीट बसणार नाही. धावण्यासाठी घेताना दुकानातच जागच्या जागी दहा उड्या मारून बघा.

आणि ब्लाउज शिवायला जाताना जी ब्रा त्या साडीवर घालणार तीच घालून जा. योग्य कप घातल्यावर छातीचा सर्वांत भरलेला बिंदू इंचभर वर येतो. जुन्या ब्रावर घेतलेल्या मापाचे टक्स मग खाली पडतात, कटोरी ब्लाउजमध्ये तर कटोरीच सरकते, आणि दोष बिचाऱ्या शिंप्याला जातो.

खरेदी आणि निगा

तुळशीबाग असो, दादर स्टेशनबाहेरचा बाजार असो की गावातलं एकुलतं एक दुकान, बहुतेक ठिकाणी घालून बघायची सोय नसते आणि समोर बी किंवा सी कपच ठेवले जातात. "डी मध्ये दाखवा" असं स्पष्ट म्हणा. डी म्हणजे फार मोठे स्तन, हा समज चुकीचा आहे. ३२डी ही अगदी सडपातळ बाईचीही साइज असू शकते. विक्रेता नजरेने साइज सांगेल ती घेऊ नका, स्वतःची तीन मापं फोनमध्ये लिहून न्या. एक घ्या, दिवसभर वापरा, बसली तरच आणखी घ्या. ऑनलाइन मागवताना परत घेतात का ते आधी वाचा, आणि जवळच्या दोन साइज मागवून घरी ताडून बघा, टॅग न काढता.

काळ्या ब्राने किंवा वायरने कॅन्सर होतो असे मेसेज फिरतात. त्यांना शास्त्राचा आधार नाही. पण माप घेताना आरशासमोर उभ्या आहातच, तर गाठ, कातडीवर पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड किंवा त्यातून येणारा स्राव दिसला तर तेवढ्यावरून डॉक्टरांना जरूर दाखवा.

धुताना हूक लावून ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या कपड्यांची जाळी ओढतात. साधं पाणी, सौम्य साबण, हाताने. गरम पाणी आणि कडक ऊन इलास्टिक मारतं. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. पट्ट्यावर लटकवून वाळवू नका, ओल्या वजनाने तो लांबतो. मधल्या जोडावर दोरीवर घडी घालून टाका. साडीखाली किंवा टॉवेलखाली लपवून वाळत घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत अशी ब्रा दोन दिवस दमट राहते, आणि दमट ब्रा अंगावर चढवली की स्तनांखाली घामोळं, खाज, बुरशीचा लाल पट्टा ठरलेला. सावलीत, पण मोकळ्या हवेत, उघडी वाळत घाला. सलग दोन दिवस तीच घालू नका, इलास्टिकला मूळ लांबीवर यायला एक दिवस द्या.

सर्वांत आतल्या हुकावर लावूनही बँड पाठीवर चढायला लागला, किंवा ताणून सोडल्यावर तो परत आखडत नाही, की ती ब्रा बाजूला काढा आणि नवी घेण्याआधी पुन्हा एकदा टेप हातात घ्या. दोन वर्षांपूर्वीचं माप आज तेच असेल असं धरू नका.